नऊ बाटल्या, एक पेटी

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. पास्कूबाबला मातीत ठेवला तेव्हा ओठांपर्यंत आलं होतं — गिळलं. आता तुम्हाला सांगतो. आत्ताच का? ते माझं मलाही नीट कळत नाही.

कोकण रेल्वे सुरू होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. मी कुडाळात मधपाळांच्या एका छोट्या सोसायटीत कामाला होतो. गावोगाव फिरायचं, मधपेट्या तपासायच्या. त्या साली पेट्यांतल्या सातेरी मधमाश्यांना रोग लागला. पोळ्यातली अळी मरायची. चिमट्याने उचलली की पाण्याच्या पिशवीसारखी लोंबायची. महिन्याभरात पेटी रिकामी. आमच्या घरच्या सहाही पेट्या गेल्या. बाबा दोन दिवस धड जेवले नाहीत.

मग पुण्याहून एक मॅडम आल्या, विषाणूंवर काम करणाऱ्या. त्यांनी मला समोर बसवून समजावलं — विषाणू स्वतःच्या नकला काढत जातो, काढताना चुकतो, आणि ती चूक पुढच्या नकलांत उतरते. गावोगावच्या चुका ताडून पाहिल्या की कळतं, तो कुठून कुठे गेला, वाटेत किती बदलला. म्हणून नऊ गावं, नऊ बाटल्या. ज्या त्या गावच्या मेलेल्या अळ्या वेगळ्या, बर्फात. एवढंच काम. शिकल्यासवरल्या बाईने माझ्यावर विश्वास टाकला म्हणून छाती फुगली होती माझी.

आणि मी काय केलं?

पहिलं गाव तारकर्ली. तिथे माडांखाली म्हाताऱ्या पास्कूबाबच्या मधपेट्या. तो मासळी आणायला गेला होता. एक पेटी उघडली, मेलेल्या अळ्याच अळ्या. पहिली बाटली भरली. मग — मग दुसरीही तिथेच भरली. पार आंबोलीपर्यंत एसटीचे हेलपाटे कोण घालणार? घरात कोणी आजारी नव्हतं, कसली अडचण नव्हती. कंटाळा आला होता. रोग एकच, अळ्या सारख्याच, कोणाला काय कळतंय — असं म्हणून नऊच्या नऊ बाटल्या एकाच पेटीतून भरल्या. चिठ्ठ्यांवर गावांची नावं मात्र वळणदार अक्षरात लिहिली.

काही महिन्यांनी रिपोर्ट आला. नऊ गावांतला विषाणू तंतोतंत एक. मॅडमनाही नवल वाटलं — इतका सारखा? म्हणजे नुकताच एकाच ठिकाणाहून पसरला असणार, असं त्यांनी लिहिलं. दुसरं काय लिहिणार होत्या बिचाऱ्या? ते ठिकाण कुठलं, हे सोसायटीत कोणाला विचारावंही लागलं नाही. आदल्या वर्षी पास्कूबाबने गोव्यातल्या बहिणीकडून माशांच्या दोन वसाहती आणल्या होत्या. झालं. त्याच्या सगळ्या पेट्या जाळायचं ठरलं.

त्यातल्या चार सावरल्या होत्या. त्या माशा मेलेली अळी स्वतःच ओढून बाहेर टाकत होत्या. पास्कूबाब माझा हात धरून दाखवायचा. रोगाला पुरून उरलेल्या माशीचीच पैदास वाढवायची असते — हे मॅडमनी मला शिकवलं होतं. मला माहीत होतं. पण बोललो असतो तर पुन्हा तपासणी, पुन्हा बाटल्या. गप्प राहिलो.

जाळायच्या आदल्या दिवशी त्याने मला माडांत गाठलं. "खरा सांग रे बाबा. माझ्याच पेट्यांतसून गेलो काय रोग?"

मी म्हटलं, "रिपोर्टात तसाच आसा."

तिन्हीसांजेला माशा आत आल्यावर पेट्यांची तोंडं शेणाने लिंपली, रॉकेल ओतलं. काडी मीच ओढली. आतली गुणगुण बराच वेळ ऐकू येत होती. पुढच्या साली रोग पुन्हा आला, सगळ्या गावांत. कुठून आला, कसा बदलला — ताडून पाहायला पहिल्या सालच्या खऱ्या बाटल्याच नाहीत, ते आता कधीच कळायचं नाही.

पण मला छळतं ते वेगळंच. पास्कूबाबने त्या रिपोर्टावर विश्वास ठेवला. ज्यांच्या ज्यांच्या पेट्या रिकाम्या झाल्या होत्या, त्या एकेका घरी तो त्याच आठवड्यात गेला. आमच्याकडेही आला. सत्तरीचा माणूस, दारापुढच्या खळ्यात चपला काढून हात जोडून उभा. म्हणाला, माझ्यामुळे तुमचं नुकसान झालं, माफ करा. बाबा तोंड फिरवून आत गेले. मग तो माझ्याकडे बघत राहिला.

आणि मी त्याला माफ केलं.