भव्याच्या तुलेचा गूळ

द्राक्षांचे मळे मागे पडून नाचणीची शेतं लागली, तरी भाग्यलक्ष्मीनं भव्याला कडेवरून खाली ठेवलं नव्हतं. येलहंक्यापर्यंत बस आणि तिथून देवनहळ्ळीच्या अलीकडच्या मैलारलिंगापर्यंत अनवाणी पायी, असा तिचा दरवर्षीचा नवस. मैलारलिंग म्हणजे आपला खंडोबाच. ह्या खेपेला सोबत मी आणि माझी गौरी. दोघी मुली साडेपाच वर्षांच्या, एकाच महिन्यातल्या. गौरी पुढे पळत होती. भव्या आईच्या खांद्यावर झोपली होती, भर उन्हात अंगात स्वेटर.

"थोडं चालू दे की तिला. कंबर मोडेल तुझी," मी म्हटलं.

"मोडू दे. तुझी कशी धावते ते दिसतंय मला. आणखी दाखवू नको."

ही १९९५ सालची गोष्ट. मत्तीकेरेत आमच्या घरासमोर तिच्या नवऱ्याची, संताजींची पिठाची गिरणी होती. तीनशे वर्षांपूर्वी मराठी फौजेबरोबर इकडे कानडी मुलखात आलेली त्यांची घराणी. घरात मराठी बोलायचे, पण निम्मी कानडी मिसळून. मी साताऱ्याची, यजमानांच्या कारखान्यातल्या नोकरीमुळे इथे आलेली. भाजीवाल्याला 'स्वल्प कम्मी माडी', म्हणजे थोडं कमी करा, असं म्हणायला मला भाग्यलक्ष्मीनंच शिकवलं. माझ्या बाळंतपणात, ती स्वतः बाळंतीण असूनही, महिनाभर नाचणीचं सत्त्व तिच्या घरून आलं. हात सढळ, जीभ तिखट. आणि लेकीचा अभिमान तर असा की जणू गल्लीत दुसरं मूल जन्मालाच आलं नाही.

भव्या पहिल्या वर्षी फार आजारी पडली होती. तेव्हा संताजींनी नवस बोलला होता, मूल वाचलं तर दरवर्षी देवाला तिच्या वजनाइतका गूळ. तेव्हापासून दर वाढदिवसाच्या सुमाराला देवळातल्या मोठ्या तराजूत तिची तुला व्हायची, एकीकडे भव्या आणि एकीकडे गुळाच्या ढेपा. दर वर्षी गूळ जास्त लागायचा. संताजी येईल त्या गिऱ्हाइकाला ते सांगायचे. गिरणीतल्या काट्यावर गल्लीतलं प्रत्येक मूल उभं करायचे, गौरीलाही.

"काय गं हेमाक्का, गौरीला पापडाबरोबर गच्चीवर वाळत घातलीस का?" भाग्यलक्ष्मी सगळ्यांदेखत विचारायची.

मला तिचा हेवा वाटायचा. भव्याचे ते गाल, मनगटावरच्या वळ्या. माझी गौरी नुसती हाडं. खीर, तूप, खजूर, काही अंगी लागत नव्हतं. संध्याकाळी देवापुढे निरांजन लावलं की मी दुसरं काही मागत नसे, गौरीचं वजन मागे. तेही भव्याएवढं. खरं सांगायचं तर भव्याहून थोडं जास्त.

शेवटी ह्याच हेव्यापोटी मी गौरीला लहान मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडे न्यायचं ठरवलं. भाग्यलक्ष्मी आपणहून सोबत आली. "भव्याला पण आणते. डॉक्टर बघू देत, मूल कसं असावं ते."

डॉक्टर श्यामलांनी गौरीचं वजन घेतलं, भिंतीशी उभं करून उंची घेतली आणि म्हणाल्या, "हिला काही झालेलं नाही. बांधाच असा आहे. उंची छान वाढतेय." मग त्या भव्याकडे बघत राहिल्या. तिलाही भिंतीशी उभं केलं. तिच्या कोरड्या हातावरून बोट फिरवलं, गळा चाचपला.

"ही झोपते फार?"

"अगदी शहाणी आहे. त्रास देत नाही."

"पोट साफ होतं?"

"तेवढं स्वल्प कमी."

"हा फ्रॉक कधीचा?"

भाग्यलक्ष्मी खूश झाली. "दोन वर्षं झाली. कपडे खराब करत नाही माझी मुलगी. दोन्ही बाजू तेवढ्या उसवून सैल केल्या."

"आणि खालची दुमड? ती उसवली का?"

"ती कशाला? लांबी बरोबर आहे ना."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. मग सावकाश सांगितलं. वजन वाढलं म्हणजे मूल वाढलं असं नाही. ही दोन वर्षांत रुंद झालीय, उंच झालेली नाही. गळ्यातली थायरॉईड नावाची ग्रंथी मंदावली असावी. रक्त तपासायला हवं. तसंच निघालं तर रोज एक गोळी, बहुधा जन्मभर. पण गोळी सुरू झाली की मूल ताजंतवानं होतं, राहिलेली उंचीही पुष्कळ भरून निघते. "फक्त वेळ घालवू नका."

परतताना रिक्षात भाग्यलक्ष्मीनं भव्याला मांडीवर घट्ट धरलं होतं. घरी संताजींनी ऐकून घेतलं आणि हसले. "रविवारी भव्याची तुला आहे. गूळ गेल्या वर्षीपेक्षा जास्त लागला तर सुई टोचायची नाही. देवाचा तराजू खोटा आणि ती बाई खरी?" आणि गूळ जास्तच लागणार, हे गिरणीच्या काट्यावर आधीच दिसलेलं होतं.

त्या दिवसापासून मुलींचं एकत्र खेळणं बंद झालं. गौरी दारात गेली की भाग्यलक्ष्मी सांगायची, "भव्या झोपली." एकदा मला म्हणाली, "उसासारखी वाढवलीस पोरगी. कुणाची दृष्टी लागेल." ह्या वेळी तिच्या आवाजात चेष्टा नव्हती. माझी हडकुळी गौरी तिला सलत होती. आणि मला, देवाशपथ, ते गोड लागत होतं.

तरी आधीच ठरलं होतं म्हणून रविवारी मी आणि गौरी तिच्याबरोबर निघालो होतो. देऊळ दिसायला लागलं तशी वाटेत एक चिंच आली. गौरीनं उडी मारून खालच्या फांदीवरचे आकडे तोडले. भव्या जागी झाली, हट्टानं खाली उतरली. टाचा उंचावल्या, हात ताणला. फांदी फार वर राहिली. दोनदा उडी मारायला गेली आणि बसलीच, धाप लागली तिला. गौरीनं आपल्यातले दोन आकडे तिच्या मांडीवर टाकले.

"नको!" भाग्यलक्ष्मी ओरडली. "तिचं तिला मिळेल!"

गौरी दचकून माझ्यामागे आली. भव्या मात्र आकडा चोखत बसली होती.

भाग्यलक्ष्मी दगडावर टेकली. पायांना फोड आले होते, तिकडे तिचं लक्षही नव्हतं. देवळाच्या पायऱ्यांवर संताजी पुढे बसनं आणलेला गूळ उतरवून घेत होते. आमच्याकडे बघून त्यांनी हात हलवला.

"तुला खरं वाटतं डॉक्टरचं?" तिनं विचारलं.

"तुला?"

"मला तुझी गौरी डोळ्यापुढे नको वाटते, त्यातच कळलं की मला." तिनं पदरानं तोंड पुसलं. "त्यांना मी सांगितलं तर म्हणतात, त्या डॉक्टरबाईनं तुझे कान भरले. एकदा गूळ चढला की संपलं, हेमाक्का. मग वर्षभर कुणाचं ऐकणार नाहीत."

मी तिच्याशेजारी टेकले.

"एक करशील? भव्याची तुला व्हायच्या आधी," ती भव्याच्या केसांतून हात फिरवत म्हणाली, "दोघींना त्यांच्यासमोर पाठीला पाठ लावून उभी कर. तूच कर. माझ्यानं नाही होणार ते. मी तोवर देवळामागे जाते, पण तू गौरीला वाकू देऊ नको हं. ताठ उभी कर तिला."