दहा गोळ्या, तेरा भोकं

वासुदेव टिपणीस दुबईत बासष्ट मजली इमारत बांधत होता. म्हणजे कागदावर. जागेवर नुसता खड्डा होता, आणि त्यात पाणी साठू नये म्हणून चोवीस तास पंप चालत. पण कंपनीचा प्लॅनिंग इंजिनिअर म्हणून वासुदेवाने तक्ता असा देखणा केला होता, की सत्तावन्नाव्या मजल्यावरच्या स्विमिंग पूलमध्ये कोणत्या गुरुवारी पाणी सोडायचं, तेही त्यात लिहिलेलं होतं. २००८ चा ऑक्टोबर आला, बँकांनी हात वर केले आणि तक्ता तेवढा उरला.

अशा वेळी शहाणी कंपनी काय करते? नेमबाजीची स्पर्धा भरवते.

"मार्केट को कॉन्फिडन्स दिखना चाहिए," व्हाइस प्रेसिडेंट शैलेंद्र साहेबांनी मीटिंगमध्ये जाहीर केलं. साहेब मूळचे दिल्लीचे. शहराबाहेर वाळवंटात एका म्हाताऱ्या अमिराती गृहस्थांचा शूटिंग क्लब होता. तिथे दुसऱ्या महायुद्धातल्या जुन्या लष्करी रायफली भाड्याने चालवायला मिळत. डिसेंबरातल्या एका शुक्रवारी आपली कंपनी, कॉन्ट्रॅक्टर आणि कन्सल्टंट अशा तिघांत सामना ठरला. एकमेकांची बिलं अडवून बसलेले हे तिघे हातात बंदुका घेऊन समोरासमोर येणार, यात कोणालाच काही वावगं वाटलं नाही.

सरावाच्या दिवशी साहेब खिशांचं लाल जाकीट आणि पिवळा चष्मा घालून आले. त्यांनी दहा गोळ्या झाडल्या. मागच्या वाळूच्या ढिगाऱ्याला सगळ्या लागल्या, टार्गेटला एकही नाही. मग कोणीतरी गंमत म्हणून वासुदेवाच्या हातात रायफल दिली. थ्री-नॉट-थ्री होती. पुण्यात कॉलेजात असताना एनसीसीच्या चांदमारीत त्याने हीच चालवली होती, आणि आयुष्यातला त्याचा एकमेव कप त्याच रायफलीचा. चव्वेचाळीस वर्षांचं पोट सांभाळत तो चटईवर पालथा झाला, दस्ता खांद्यात घट्ट रुतवला, श्वास अर्धा सोडला. पाच गोळ्या. पाचही मधल्या काळ्या वर्तुळात.

रेंजवरचा उस्ताद खैरुद्दीन, पाकिस्तानी फौजेतला निवृत्त हवालदार, दुर्बीण खाली ठेवून म्हणाला, "भाईसाब, ये दफ्तर का हाथ नहीं है."

पंचवीस वर्षांत वासुदेवाचं इतकं कौतुक कोणी केलं नव्हतं. तो आठवडाभर ऑफिसात जरा ताठ चालला. मग साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं.

"वासु, फ्रायडे को तुम लेन फोर, मैं लेन थ्री. बगल-बगल में. समझे?"

"नाही सर."

"तुम्हारी गोली मेरे टार्गेट पे भी तो जा सकती है."

"सर, ते तर…"

"टीमवर्क," साहेब म्हणाले. मग टेबलावरच्या बंद फोल्डरवर हात फिरवत म्हणाले, "लिस्ट बन रही है. मैंने अभी तुम्हारा नाम डाला नहीं है."

करामा भागातल्या फ्लॅटवर त्याच्या बायकोने, वीणाने, हे सगळं भाजी निवडता निवडता ऐकून घेतलं. "म्हणजे पेपर तू लिहायचा आणि वर नाव त्याचं."

"त्याला टीमवर्क म्हणतात."

"मुंबईत त्याला डमी बसवणं म्हणतात. पकडले की पोलीस येतात."

"बाबा, दॅट्स चीटिंग," बारा वर्षांची ईरा टीव्हीवरून नजर न काढता म्हणाली.

"तुझी शाळा त्याच नोकरीवर चालते," वासुदेव म्हणाला. त्यावर वीणाने भाजीची परात उचलली आणि ईराने टीव्हीचा आवाज वाढवला.

शुक्रवारी तंबू ठोकलेला, बिर्याणीचे हंडे मांडलेले, कुटुंबंही आलेली. वीणा दुसऱ्या रांगेत. साहेब आणि वासुदेव, दोघांना दहा-दहा गोळ्या मिळाल्या. वासुदेवाने दोन आपल्या टार्गेटवर मारल्या, मग नळी तसूभर डावीकडे सरकवली आणि उरलेल्या आठ साहेबांच्या टार्गेटवर, एकामागोमाग एक, जिवाच्या कराराने बसवल्या. काम चोख झालं. पन्नास मीटरवरून कागदावरची भोकं नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत, त्यामुळे कोणाला संशय येण्याचं कारण नव्हतं.

घोटाळा एवढाच झाला, की त्या दिवशी साहेबांचाही नेम लागला.

खैरुद्दीन कागद घेऊन आला. त्याने भोकं मोजली. पुन्हा मोजली. मग अतिशय अदबीने विचारलं, "साहब, आपको गोलियाँ कितनी मिली थीं?"

"टेन."

"माशाल्ला. तेरह लगी हैं."

कॉन्ट्रॅक्टरच्या तंबूत आधी एक जण हसला, मग सगळा तंबू. कन्सल्टंटचा माणूस म्हणाला, ही कंपनी मजलेसुद्धा असेच मोजते. साहेबांचा चेहरा जाकिटाच्या रंगाचा झाला, पण माणूस व्हाइस प्रेसिडेंट उगाच होत नाही.

"अरे, वासु की नज़र कमज़ोर है," ते हसत हसत म्हणाले. "चालीस के बाद होता है. बेचारा सारा टाइम मेरे टार्गेट पे मारता रहा. सॉरी बोलो, वासु, सबको."

वासुदेवाला फक्त मान खाली घालायची होती. या कामाचा त्याला वीस वर्षांचा अनुभव होता. त्यात त्याचा हात धरणारा अख्ख्या कंपनीत कोणी नव्हता. नोकरी राहिली असती, शाळा राहिली असती. "सॉरी"तला "सॉ" ओठांवर आलाही होता. तेवढ्यात खैरुद्दीनने कागद उन्हात धरला. मधोमध मुठीत मावतील अशी आठ भोकं, आणि कडेकडेने कांजिण्या उठाव्यात तशी पाच.

"ये कमज़ोर नज़र है?" तो स्वतःशीच पुटपुटला.

"नजर शाबूत आहे," वासुदेव मोठ्याने म्हणाला. आवाज आपलाच आहे हे त्याला जरा उशिरा कळलं. मग सगळ्यांना कळावं म्हणून तो हिंदीत गेला. "सर, बीच की आठ मेरी हैं. आपने बोला था, इसलिए मारीं. किनारे की पाँच आपकी."

बिर्याणी वाढणारासुद्धा थांबला. शैलेंद्र साहेबांनी आयुष्यात पहिल्यांदा दहापैकी पाच गोळ्या टार्गेटवर मारल्या होत्या, आणि त्याबद्दल अभिनंदन करायचं कोणालाही सुचलं नाही.

गाडीत बसल्यावर वासुदेवाने किल्ली दोनदा उलटी लावली. "गेली नोकरी," तो म्हणाला.

"गेली," वीणा म्हणाली. "मी चालवते, तू इकडे ये."

रविवारी पत्र मिळालं. त्यात नेमबाजीचा उल्लेख नव्हता, रिस्ट्रक्चरिंग होतं. सहकाऱ्यांनी त्याला कॅफेटेरियात गाठून, धोरण म्हणून काही असतं की नाही, असं समजावलं. फेब्रुवारीत ते सगळे धोरणी लोकही घरी बसले, आणि मार्चमध्ये खुद्द साहेबांच्या दारावरची पाटी निघाली. तेव्हा वासुदेवाला आनंद व्हायला हवा होता. झालाही, साधारण पाऊण दिवस. मग संध्याकाळी जुना ग्रुप भेटला, त्यातल्या निम्म्यांच्या घरात सामान बांधून झालेलं होतं, आणि तो आनंद कोणाला सांगावा असं राहिलं नाही.

पण त्याआधीच, नोकरी गेल्यावर व्हिसाचे जे तीस दिवस मिळतात ते सरत आले असताना, तो त्याच्या रेंजवर लबाडी केल्याबद्दल खैरुद्दीनची माफी मागायला क्लबवर गेला होता. तिथे ओट्यावर म्हातारे मालक खजूर खात बसलेले. तरुणपणी व्यापारासाठी मुंबईला जाऊन आलेले, त्यामुळे हिंदी अगदी भेंडीबाजारची.

"तू वो तेरा छेदवाला?" त्यांनी विचारलं.

वासुदेवाने होकार दिला. दुसरी काही ओळख उरली नव्हती.

"मेरे पास एक सौ चालीस पुराना बंदूक है. कौन-सा किधर से आया, कागज़ किधर है, कोई नहीं जानता. मेरे को मालूम, तू खोटा बोलेगा तो पकड़ा जाएगा. तेरे को जमता नहीं. यल्ला, कल से आ."

पगार चार हजार दिरहम, म्हणजे बावन्न हजार रुपये. आधीच्या पगाराचा तिसरा हिस्सा. वीणाने शाळेत शिकवायला सुरुवात केली, ईराची शाळा बदलली, फ्लॅटमधली एक खोली भाड्याने गेली. ईराने महिनाभर बापाशी अबोला धरला. चीटिंग न केल्याचा परिणाम शाळा बदलण्यात होतो, हा धडा तिच्या आधीच्या शाळेत शिकवलेला नव्हता.

वासुदेव मात्र रमला. रायफलींवर इशापूरच्या कारखान्याचे, इंग्लंडचे, कुठले कुठले शिक्के. प्रत्येकीचा बोल्ट काढायचा, तेल द्यायचं, नंबर नोंदवायचा, आणि खैरुद्दीनशी वाद घालायचा. एकाच रायफलीवर दोघे शिकलेले, दोन वेगळ्या फौजांच्या पद्धतीने, त्यामुळे श्वास कधी रोखायचा यावर पाच वर्षांत एकमत झालं नाही. २०१० मध्ये त्याने स्वतःच्या नावाने खुल्या स्पर्धेत भाग घेतला. एका चष्मा न लावणाऱ्या एक्क्याऐंशी वर्षांच्या, वाळवंटातल्या बेदुइन म्हाताऱ्याने त्याला धूळ चारली आणि वर विचारलं, उन्हाचा त्रास होतो का?

पुण्याला सुट्टीत गेल्यावर नातेवाईक विचारत, "हल्ली तिकडे काय?"

"वेपन्स डिपार्टमेंटला आहे," वासुदेव सांगत असे.

त्यावर मंडळी आवाज खाली आणत, पुढचं विचारत नसत, आणि पंगतीत त्याच्या पानात जिलबी आधी पडत असे. "बंदुका पुसतो," असं वीणा एकदा स्पष्ट म्हणाली, तर तिच्या नणंदेने तिलाच डोळ्यांनी दटावलं. असल्या गोष्टी चारचौघांत बोलू नयेत म्हणून.