मनोऱ्याचा रंग

राष्ट्रीय उद्यानात त्याला सगळे डागडुजीदादा म्हणायचे. गळका नळ, मोडकी बाकं, तळ्याकाठचा लाकडी मनोरा, सगळं त्याच्याच गळ्यात. निधीच्या नावाने बोंब, त्यामुळे जुन्याचं नवं करण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. त्याला त्याचा अभिमानही होता.

निधी द्यायचा की नाही हे ठरवायला मुख्यालयातून पथक येणार होतं. साहेब म्हणाले, "आपली शोभा होऊ देऊ नकोस."

मनोऱ्याच्या पायऱ्या आतून कुजल्या होत्या. दादाने भेगांत लांबीचा लगदा भरला, तो वाळल्यावर घासून वरून हिरवा रंग चढवला. पथकातल्या बाई खालूनच बघून म्हणाल्या, "वा, काय देखभाल आहे!" दादा दिवसभर हवेत होता.

निधी दुसऱ्या उद्यानाला गेला. इथे सगळं ठीकठाक आहे, असा शेरा पडला होता. आपण काय करून बसलो ते दादाला कळलं, पण तो कुणाला बोलला नाही. मनोराही बंद केला नाही.

पावसाळा सरला आणि पर्यटकांना पक्षी दाखवणारी ताई पायरी तुटून खाली आली. घोट्याचं हाड मोडलं. दादा तिला भेटायला घरी गेला. पाय उशीवर ठेवून ती खिडकीशी बसली होती.

"तू का तोंड पाडून बसलायस?" ती म्हणाली. "सरकार पैसेच देत नाही, तू एकटा कुठे कुठे पुरणार?"

त्याने चहाचा कप खाली ठेवला. "पैसे मिळणार होते, ताई. पायऱ्या कुजल्यात हे मला माहीत होतं. मी वरून रंग फासला."

तिने पायाखालची उशी सरळ केली. मग म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? ज्यांना सांगायचं त्यांना सांग."

दादाने मनोऱ्याला कुलूप घातलं आणि पायऱ्यांचा रंग खरवडून काढला. साहेब चिडले, "माझीही नोकरी घालवशील." तरी त्याने पथकातल्या बाईंना फोन करून बोलावलं. त्यांनी लाकडात बोट खुपसलं, ते आरपार गेलं.

"हे कुणी बुजवलं होतं?"

"मी."

त्याची बढती अडली. पुढच्या वर्षी मात्र निधी आला, पोलादी मनोरा उभा राहिला. सहकारी म्हणाले, "तुझ्यामुळेच झालं हे." दादाला तिथे उभं राहवेना. तो अवजारांच्या खोलीत जाऊन खिळे निवडत बसला.

ताई पुन्हा कामावर आली आहे, पण चढण लागली की थांबते. पर्यटकांना वाटतं, ती पक्षी शोधतेय.