अठरा फूट नऊ इंच

लेन क्वासनी माझी गाडी सगळ्यांच्या आधी का साफ करतो, हा प्रश्न मला पस्तीस वर्षं पडलेला होता. हिवाळ्यात आमच्या शाळेच्या आवारात साठ-सत्तर गाड्या बर्फाखाली गाडल्या जातात, त्यांत मुख्याध्यापकांचीही असते. पण लेन खोरं घेऊन निघाला की आधी माझ्या जुन्या निळ्या गाडीकडे. मी तर शाळेच्या स्वयंपाकघरात सूप ढवळणारी बाई. माझा नवरा ह्यू होता तेव्हा म्हणायचा, "बर्नी, ह्या माणसाच्या मनात काहीतरी आहे."

"असेना का," मी म्हणायचे, "काचा तरी स्वच्छ होतात."

मनात होतंच. पण ह्यूला वाटायचं ते नव्हे.

आठवी झाली तशी मी शाळा सोडली, आणि मग जन्मभर शाळेतच राहिले, त्यामुळे लेनला मी काळ्या केसांचा पाहिलाय. मैदानाचं गवत कापायचं, फुटबॉलसाठी पांढऱ्या रेघा मारायच्या आणि लांब उडीचा वाळूचा खड्डा सांभाळायचा, ही त्याची कामं. बोलणं मोजकं. दर मार्चमध्ये तो ती सगळी वाळू खिडकीच्या जुन्या जाळीतून चाळायचा आणि मांजरांनी घाण करू नये म्हणून वर फळ्या टाकायचा. बायको गेली, पेन्शन लागली, तरी सकाळचे दोन तास तो येतच राहिला. आणि शाळेत सामने असले की उड्या मोजणार तोच. टेपला दुसऱ्यानं हात लावायचा नाही.

"मिस्टर क्वासनी, मोजतील ना मुलं," कोच बर्डिकबाई एकदा म्हणाल्या.

"मुलांना गवत मोजू दे," लेन म्हणाला.

आमच्या जिमच्या भिंतीवर एक काळा फळा आहे. प्रत्येक खेळातला शाळेचा विक्रम त्यावर पांढऱ्या प्लॅस्टिकच्या अक्षरांत लावतात. पाच-सहा वर्षांनी नावं बदलतात. एक ओळ मात्र हलली नाही: मुलींची लांब उडी, डार्लीन क्वासनी, अठरा फूट नऊ इंच, १९८८. लेनची एकुलती एक मुलगी. आता ती ॲरिझोनात एका दातांच्या डॉक्टरकडे कामाला आहे. पोटच्या पोरीचं नाव भिंतीवर, पण लेन जिममध्ये आला तर मान खाली घालून जायचा. मला वाटायचं, केवढा हा विनय.

मग माझी नात कॅसिडी उड्या मारायला लागली.

शाळेचं तिचं शेवटचं वर्ष. कुणाला गाडी हवी असते, कुणाला नाचाला जायचा पोशाख. हिला त्या फळ्यावर नाव हवं होतं. आणि एप्रिल संपत आला होता.

"आजी, अठरा-नऊ कुणालाच जमत नाही गं," ती माझ्या टेबलावर डोकं टेकून म्हणाली. "कोच म्हणतात, आसपासच्या आठ शाळांत दहा वर्षांत कुणी तिथवर पोचलेलं नाही. मी दुसऱ्या शाळेत सतरा-दहा मारली. आपल्याकडे मात्र सतरा-सात."

"आपल्याकडे तीन इंच कमी?"

"वारा असेल."

वारा. माझ्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हा. आपल्याकडे मोजतो कोण? लेन. विक्रम कुणाच्या पोरीचा? लेनच्या. तीन इंच कुणी खाल्ले हे सांगायला आठवीपुढचं शिक्षण लागत नाही.

मंगळवारी दुपारची भांडी आटोपून मी ह्यूची सुतारकामाची पोलादी टेप पिशवीत घातली आणि मैदानावर गेले. सराव चालू होता. कॅसिडीनं उडी मारली, लेननं मोजली, सतरा-आठ म्हणाला. तो दाताळं आणायला वळला तशी मी वाकले आणि माझी टेप लावली. तीही सतरा-आठच म्हणाली.

"बर्नी, काय मोजतेस?" लेन मागे उभा.

"पडद्याचं कापड."

"वाळूला पडदा लावणार आहेस?"

म्हणाला खरा, पण माझ्या हातातली टेप बघून तो पांढराफटक पडला होता. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं. घरी जाताना मी विचार करत राहिले. माप तर चोख आहे. मग हा घाबरला कशाला?

दुसऱ्या दिवशी सूपचा डबा घेऊन मी त्याच्या अवजारांच्या शेडमध्ये गेले. असं मी कधी जात नाही. लेन बाहेर रेघा मारत होता. आत, गवत कापायच्या यंत्राच्या वर एका खिळ्याला जुनी पिवळी टेप टांगलेली होती. सहज उलगडली, तर तिला सुरुवातच नाही. टोक तुटलेलं, एक फुटाच्या आकड्याच्या जरा अलीकडेच ती संपत होती.

मी विसरले होते, पण माझ्या बोटांच्या लक्षात होतं. ओली वाळू, थंड वारा, अंगात ॲप्रन. १९८८ सालच्या त्या सामन्यांच्या दिवशी मोजायला येणारे एक पालक आलेच नव्हते, म्हणून मला स्वयंपाकघरातून बोलावून वाळूकडचं टोक धरायला बसवलं होतं. तिकडे उडी घ्यायच्या फळीपाशी लेन आकडा वाचत होता. "बर्नी, टोक तुटलंय. एक फुटाच्या खुणेवर धर. मी इकडे एक फूट वजा करतो." प्रत्येक मुलीला त्यानं एक फूट वजा केला होता. सगळ्यात शेवटी डार्लीन आली होती.

"आठवलं तुला," दारातून लेन म्हणाला.

"डार्लीनच्या वेळी तू वजा केलं नाहीस."

तो यंत्रावरच बसला. "पोर लांब गेली गं. समोर दिसला तो आकडा मी ओरडलो. दुसऱ्या दिवशी वाळू सारखी करताना डोक्यात आलं. तोवर शाळेच्या स्पीकरवर तिचं नाव गाजलं होतं. वर्गात केक कापत होती."

"आणि माझी गाडी?"

त्यानं बुटांकडे पाहिलं. "टोक तुझ्या हातात होतं. मला वाटायचं, तुला माहीत आहे. दर वर्षी वाटायचं, यंदा बोलणार."

"अरे, मी लगेच सूपकडे पळाले होते. तू काय ओरडलास ते मी ऐकलंसुद्धा नाही."

"पस्तीस हिवाळे," लेन म्हणाला.

"पाठ दुखली असेल."

थोडं हसलो आम्ही. मग त्यानं विचारलं, "सांगणार आहेस?"

मला रागही आला होता. माझी पोर महिनाभर उशीत तोंड खुपसून रडत होती ती एका वजाबाकीपायी. पण मी म्हटलं, "शुक्रवारी तिची शेवटची उडी आहे. मी सूप करते. मोजायचं काम तुझं."

विश्वास मात्र ठेवला नाही. गुरुवारी तो गाडीत बसून बराच वेळ फोनवर बोलत होता, ते मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं. कुणाशी, कळेना. उद्या आजारी पडायचा बेत असेल, असंही मनात आलं.

शुक्रवारी तो आला. दाढी करून आला. पालक घडीच्या खुर्च्यांवर पायांवर पांघरूण घेऊन बसले होते. मी खड्ड्याला चिकटून उभी. कॅसिडीनं शेवटची उडी मारली आणि लेननं तीनदा मोजली.

"सतरा फूट अकरा इंच."

"दहा इंच कमी," कोच बर्डिकबाई हळूच म्हणाल्या. कॅसिडी वाळूतच बसून राहिली.

लेन टेप गुंडाळत म्हणाला, "कमी नाहीत. दोन इंच जास्त आहेत." आणि तिथेच, सगळ्या खुर्च्यांसमोर, त्यानं ते सांगून टाकलं.

"मिस्टर क्वासनी, पस्तीस वर्षं?" एक बाप म्हणाला.

"हो."

कॅसिडीनं त्याच्याकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे वळून म्हणाली, "आजी, टेप तू धरली होतीस?" घ्या. पोरगी माझ्यावरच गेली आहे.

गुरुवारचा फोन डार्लीनला होता. ती म्हणे बापाला म्हणाली, "बाबा, मला तेव्हाच शंका आली होती. एवढी लांब मी कधीच गेले नव्हते. पण तुम्ही मोजलं होतंत." म्हणजे तीही गप्पच बसली होती.

सोमवारी मुख्याध्यापक शिपायाला शिडी आणायला सांगत होते, तर लेन म्हणाला, "माझा आकडा मीच उतरवतो." शिडीवर चढून त्यानं अठरातल्या आठचा सात केला. मग खाली उभ्या असलेल्या कॅसिडीला म्हणाला, "आजचा दिवस असंच राहू दे? तिची खरी उडी भिंतीवर एक दिवस तरी असावी."

"राहू द्या मिस्टर क्वासनी," ती म्हणाली. "उद्या तुम्हाला अक्षरं मी देते."

त्या दिवशी लेन मान वर करून फळा बघत होता. जेवायची सुट्टी संपली तरी.

डिसेंबरात पहिला बर्फ पडला. आता हा कशाला येतोय, म्हणत मी खिडकीशी उभी होते. लेन आला, खोरं उचललं आणि सरळ माझ्या गाडीकडे गेला.

मी ॲप्रनवरच बाहेर गेले. "आता काय लपवलंयस, लेन?"

"सवय," तो म्हणाला, आणि काच जरा जास्तच घासायला लागला.

सवय म्हणे. ह्यूचं म्हणणं मला आता परत आठवायला लागलंय.