पुनवचं शेवटचं पान

अवि गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्याच्यावरच चिडून बसलो होतो. आमच्या चित्रकथेचं शेवटचं पान त्याच्याकडून यायचं होतं, आणि हा पठ्ठ्या ‘सोचतोय यार, सोचतोय’ म्हणून मला टोलवत होता. फोनवर त्याची मुलगी रेवा होती. ‘काका, बाबा गेले... झोपेतच,’ एवढंच म्हणाली. भोपाळातल्या भोपाळात, शिवाजी नगरहून त्याच्या घरी सोनागिरीला मी कसा पोचलो ते आठवत नाही. त्या रागाचं काय करायचं, ते अजून कळलेलं नाही.

अवि माझा मावसभाऊ. दिवसभर कारखान्यात यंत्रांची ड्रॉइंग्ज काढायची आणि घरी आला की महानायक, हा त्याचा जन्मभराचा उद्योग. चित्रं त्याची, मजकूर माझा. देशोदेशीचे महानायक त्याला पाठ होते, आणि त्यांच्याशी त्याचं भांडणही होतं. ‘बघ ना यार, सूर्याची ताकद मिळाली की माणूस छाती फुगवून उडतो. चंद्राची मिळाली की एक तर लांडगा होतो, नाही तर पागल. तिकडे जपानात सूर्य म्हणजे देवी आणि चंद्र तिचा भाऊ. आपल्याकडे तर तो मामाच. मग मामाच्या जोरावर लढणारी एखादी भाची नको का?’ त्यातून पुनव जन्मली. चंद्र दिसला की तिच्या अंगात बळ येई. समोर सूर्याच्या बळावर शहर भाजून काढणारा अर्क.

हे ‘दिसला की’ आलं मावशीच्या संकष्टीवरून. तिचं कॅलेंडर मुंबईहून यायचं, आणि उपासही तिकडच्या चंद्रोदयाला सुटायचा. भोपाळात चंद्र त्याआधीच उगवतो, तरी ही घड्याळाकडे बघत उपाशी. एकदा अविनं तिला हात धरून गच्चीवर नेलं. ‘आई, तो कधीचा येऊन बसलाय.’ इतकी वर्षं उगाच ताटकळलो म्हणून मावशी अशी दुखावली, की कॅलेंडरवरचा तिचा विश्वासच उडाला. आता कुणीतरी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ती पानावर बसत नाही. आभाळ भरलेलं असलं की तिकडे दिसला का विचारायला अवि उज्जैनच्या सुमनआत्याला फोन लावायचा.

आमचं अडलं होतं ते असं. अर्क मोठा तलाव तापवतो आणि त्याच्या वाफेनं आकाश झाकून टाकतो. चंद्र दिसेना, तर पुनवनं करायचं काय? मी म्हणत होतो, मरू दे तिला. अवि भडकायचा. ‘लोकांना रडवायचं सोपं असतं रे.’ आता रेवा म्हणते, काका, तुम्हीच संपवा. मी रोज बसतो, रोज खोडतो. मेलेल्या माणसाशी वाद घालायचा तरी कसा...

परवाच्या संकष्टीला सोनागिरीला गेलो. आभाळ गच्च. मावशी खिडकीशी बसलेली. रेवानं बाबांचा फोन माझ्या हातात दिला. मी आत्याला लावला. तिचं वय झालंय, तिला अजून कुणी कळवलेलं नाही.

‘दिसला रे अवि, एकदम साफ,’ ती माझं काही ऐकायच्या आधीच म्हणाली. ‘आईला म्हण, जेवून घे.’

‘हो आत्या,’ मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

मावशीनं माझ्याकडे पाहिलं. ‘दिसला?’

‘दिसला. उज्जैनला.’

ती उठली, हात जोडले, पानावर बसली. आणि पुनव शेवटच्या पानावर काय करणार, ते मला लख्ख कळलं. त्याला आत्ताच्या आत्ता सांगायला हवं होतं. मी अविचा नंबर शोधू लागलो, त्याच्याच फोनवर.