शोभाताईंची शिलाई

शोभाताई गेल्या, असा केंद्रातल्या नर्सचा फोन आला तेव्हा मला रडू आलं नाही. पहिला विचार आला तो सविताचा. तिच्या गोळ्या गुरुवारी संपणार होत्या... आणि ती कुठल्या बहाण्यानं मौद्याहून नागपूरला येते, हे ताईंशिवाय फक्त मला माहीत होतं. (नाव, गाव, खूण पटेल असं सगळं बदललं आहे. एवढं आता शिकले.)

ताई एचआयव्हीच्या उपचार केंद्रात समुपदेशक होत्या. स्वतः कित्येक वर्षं त्याच गोळ्या घेत होत्या. अंत्यविधीला एकानं हळूच विचारलं, "त्यातच गेल्या का?" नाही हो! हृदयविकारानं गेल्या, तुमचे-आमचे लोक जातात तशा.

केंद्राची वेळ सगळ्यांना एकच, सकाळची. कळमन्याच्या बाजारातल्या हमालानं त्याच वेळी पोती उचलायची की रांगेत उभं राहायचं? तृतीयपंथी रोशनीला कागदावरच्या पुरुषी नावानं का पुकारायचं? मी एका संस्थेची कार्यकर्ती, असल्या प्रश्नांवर पत्रकं छापायची. ताई मात्र हमालाच्या गोळ्या बाजारात पोचवायच्या, आणि रोशनीला "ये वं रोशनी" म्हणत उठून खुर्ची द्यायच्या. नव्या माणसाला त्यांचा पहिला प्रश्न असायचा, "घरी गोळी ठेवशील कुठी?"

माझं 'लपवू नका, बोला!' हे पत्रक वाचून, रांगेतल्या सविताकडं बघत त्या म्हणाल्या, "लिहिलं छान वं. पण सासूनं हाकललं तर तू ठेवशील का हिले तुह्या घरी?" मला राग आला. त्यांची पाठ वळताच मी ते प्रत्येकीच्या पिशवीत सरकवलं. सविताच्याही.

ते सासूच्या हाती लागलं. "बसमध्ये कोणी वाटत होतं" असं सांगून सविता निभावली, पण तिचं दवाखान्यात येणं बंद झालं. दोन महिने गोळ्या बंद. ताई मला रागावल्या नाहीत, हेच मला अजून सोसत नाही. त्या मौद्याला गेल्या, सासूशी गप्पा मारून आल्या आणि सविताचं ब्लाऊज शिवायला घेतलं. तेव्हापासून सविता दर महिन्याला ताईंच्या सक्करदऱ्याच्या खोलीवर 'शिवायला' यायची आणि ब्लाऊजच्या घडीत गोळ्या न्यायची. थाप पचावी म्हणून ब्लाऊज खरंच शिवावं लागायचं. सासू अंगावर घालून बघायची!

त्या गुरुवारी केंद्रातून सविताच्या गोळ्या उचलून मी ताईंच्या खोलीवर जाऊन बसले. सविता आली. कळल्यावर भिंतीला टेकून बसली. मशीनकडं बघत म्हणाली, "अन् ब्लाऊज?"

मशीनवर एका बाहीचं ब्लाऊज तसंच पडलं होतं. मी शिवायला बसले. पायडल उलटं फिरलं, दोरा तुटला.

"सरक वं तिकडं," सविता डोळे पुसत म्हणाली. बाही तिनंच लावली. गोळ्या घडीत घालून बस गाठायला निघाली. दारातून म्हणाली, "दर खेपेले मले इतका वेळ भेटनार नाही. शिकून घे."

ताईंच्या भावानं मशीन मला दिलं. आता माझ्या खोलीत पत्रकांचे गठ्ठे खाटेखाली आहेत आणि खिडकीशी मशीन. शिवते थोडं, उसवते फार. सविताच्या येत्या खेपेला गोल गळा करायचाय. तिच्या सासूबाईंनी सांगून पाठवलंय, मागच्या खेपेचं ब्लाऊज पाठीवर ओढत होतं.