आठ फोन

…मी ‘बसा’ म्हणाले, तरी रशीदभाई दारातच उभे राहिले. मी टॉवेलची किनार तपासत होते. तीच तपासत राहिले.

परवाची गोष्ट. दुपारी तीनचा सुमार… अक्कलकोट रोडला आमचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे, बारा मागांचा. रशीदभाई तिथे अकरा वर्षं जॉबर होते. माग लावायचे, बिघडला की दुरुस्त करायचे.

दीड वर्षापूर्वी त्यांनी आमच्या एका नव्या किनारीचा फोटो बाहेर दाखवला. आमच्या आधी तोच टॉवेल दुसऱ्याच्या कारखान्यातून बाजारात आला. मी त्यांना त्याच दिवशी काढलं.

गेल्या रविवारी चर्चमध्ये मी साक्ष दिली, म्हणजे सगळ्यांसमोर उभं राहून स्वतःचा अनुभव सांगितला. धंदा करणाऱ्या ख्रिस्ती माणसाने क्षमा कशी करावी, असा विषय होता. मी त्या माणसाला मनापासून माफ केलं आहे, असं सांगितलं. नाव घेतलं नव्हतं… सोलापुरात त्याची गरज पडत नाही. उपासनेनंतर दोघी-तिघींनी माझा हात हातात घेतला. घरी येऊन मी शांतपणे जेवले.

‘मॅडम, तुमी मला माफ केलं म्हणे,’ रशीदभाई दारातून म्हणाले. ‘आमच्या गल्लीतल्या मेरीबाई सांगत होत्या. लई चांगलं बोलल्या म्हणे तुमी.’

मी हो म्हणाले.

‘सगळ्या चर्चला कळलं. मलाच कुणी कळवलं न्हाय की.’

ते हसत होते. मी हसले नाही.

‘चूक माझी हाय. ते मी न्हाय म्हणत न्हाय. पण तुमी आठ कारखान्यांत फोन केलते, याला ठेवू नका म्हणून… त्यांना कुटं सांगितलंय अजून? दीड साल रिक्षा चालवतोय मी. हाताला माग न्हाय.’

फोन केले होते, हे खरं. त्यांना काढलं त्याच्या दुसऱ्या दिवशी, एकामागून एक. साक्षीत ते आलं नव्हतं. लपवलं होतं असंही नाही… आठवलंच नव्हतं. कारखान्याची काळजी घेणं, असं मी त्याला मनात म्हटलं होतं.

परत या, असं मी म्हणू शकले असते. ते सोपं होतं. आमचा चार नंबरचा माग महिनाभर धड चालत नव्हता, म्हणजे त्यात फायदा माझाच होता.

टॉवेल बाजूला ठेवला आणि फोन घेतला.

आठांपैकी सहा जण फोनवर भेटले. प्रत्येकाला तेच सांगितलं… रशीदभाईंची चूक एकदाच झाली, ती माझ्याकडून मिटली आहे. त्या वेळी मी तो फोन करायला नको होता. त्यांचा हात चोख आहे, काम असेल तर द्या. एकाला आधीचा फोन आठवतही नव्हता. एक जण हसले, ‘मॅडम, काय ते एकदाच ठरवा की.’

तिसऱ्या फोननंतर रशीदभाई आत येऊन खुर्चीवर बसले.

मग मी त्यांची माफी मागितली. साक्ष मी घरी दोनदा म्हणून पाहिली होती. ही आधी म्हटलेली नव्हती, त्यामुळे नीट जमली नाही. ‘हौ,’ ते म्हणाले. एवढंच. जाताना मागांच्या खोलीपाशी थांबून त्यांनी जरा कान दिला. ‘चार नंबर बरा न्हाय वाटत.’

मेरीबाईंनी गल्लीत सांगितलं नसतं, तर माझी क्षमा चर्चमध्येच राहिली असती… त्यांचे आभार.

काल सकाळी साडेसातला रशीदभाई आले. त्यांनी चार नंबर खोलला, तासाभरात लावून दिला, चहा घेतला. मग त्या सहांपैकी होटगी रोडच्या एका कारखान्यात कामावर रुजू व्हायला गेले.